खो

बदलीच्या नोकरीत ज्यांची हयात गेली, त्यांचा भूगोल इतरांच्या भूगोलाहून निराळा असतो. नव्या गावी नदी कोणती, देऊळ कोणते, हवा कशी, या चौकशा मागाहून. आधी दोनच प्रश्न : सरकारी निवासस्थान कधी मिळणार, आणि केंद्रीय विद्यालय किती लांब? पहिल्याचे उत्तर ऐकावयास दीर्घायुष्य लागते. दुसऱ्याचे मात्र बहुधा तत्काळ मिळते, आणि आम्हां परमुलुखी मराठी कुटुंबांचा अर्धा जीव तेवढ्यानेच भांड्यात पडतो.

ही सोय आकाशातून पडलेली नाही. दुसऱ्या वेतन आयोगाने तिची शिफारस केली. नोव्हेंबर १९६२ मध्ये सरकारने योजना मंजूर केली. १९६३-६४ साली २० पलटणी शाळा हाती घेऊन तिचा आरंभ झाला. आणि १५ डिसेंबर १९६५ रोजी केंद्रीय विद्यालय संघटनेची रीतसर नोंदणी झाली. आज या विद्यालयांची संख्या १२०० च्या वर गेली आहे. काठमांडू, मॉस्को आणि तेहरान येथेही ती निघाली. मूळ सूत्र एकच : पुस्तके सर्वत्र तीच, परीक्षा तीच. बापाची बदली झाली तरी मुलाचा पुण्यात अर्धा राहिलेला धडा फरिदाबादेत पुरा व्हावा.

धडा पुरा होतो, यात शंका नाही. परंतु धडा पुरा होणे निराळे आणि मूल रुळणे निराळे. सर्वत्र सारखे असलेले पुस्तक मुलाला कोठेच परके वाटू देत नाही, हे खरे. पण ते त्याला कोठे आपली अशी जागाही देत नाही. ती जागा त्यास कोठे सापडते, हे आम्ही फरिदाबादेत पाहिले.

फरिदाबाद हे स्थानच मुळी उखडलेल्यांचे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी जुन्या कसब्याशेजारी येथे औद्योगिक नगर वसविण्यात आले. आमची कन्या सातवीत असताना आम्ही तेथे आलो. शाळा अवाढव्य, दीड-दोन हजार मुलांचा राबता. पहिला महिनाभर ही पोर शाळेत बोलली ती हजेरीपुरती.

शाळेत 'हाउस' चार : शिवाजी, टागोर, अशोक आणि रामन. बहुतेक केंद्रीय विद्यालयांतून हीच नावे आहेत. आमच्या कन्येच्या वाट्यास रामन आले, आणि तिच्या बाकावरील तमिळ मुलीच्या वाट्यास शिवाजी! घरात या वाटणीची थोडी चुटपुट लागली. पण महाराजांच्या नावाने ती तमिळ पोर ज्या त्वेषाने घोषणा देई, ती ऐकल्यावर तक्रारीस जागा उरली नाही.

सकाळच्या प्रार्थनासभेचे काम या हाउसांकडे पाळीपाळीने येते. कोणी प्रतिज्ञा सांगावयाची, कोणी सुविचार, कोणी बातम्या. रामन हाउसच्या पाळीत कन्येला बातम्या आल्या. मराठी माणसाच्या हिंदीत लिंगभेदाची जी दाणादाण असते ती आपणां सर्वांस ठाऊक आहेच. आमच्या मते नपुंसक असलेले पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी का व्हावे, हे कोडे सचिवालयात तीस वर्षे काढलेल्यांसही उलगडलेले नाही. पोरे हसली. परंतु हाउसची अब्रू तिच्या जिभेवर होती. म्हणून वरच्या वर्गातील दोघी मुलींनी मधल्या सुटीत तिच्याकडून आठवडाभर वाचून घेतले. वर्गात चुकणाऱ्याचे गुण जातात. येथे तिची चूक साऱ्या हाउसची झाली, आणि चूक दुरुस्त करणाऱ्यांशी तिची मैत्री जडली.

पुढे एकेक दार उघडत गेले. स्काउट-गाइडचा गळपट्टा आला. युवा संसदेचा प्रयोग आला. दिल्लीच्या शाळांतून १९६६-६७ साली सुरू झालेला हा उपक्रम केंद्रीय विद्यालयांसाठी स्वतंत्र स्पर्धेच्या रूपाने १९८८ पासून चालतो. त्यात आमची कन्या विरोधी पक्षाच्या बाकावर बसली. घरी या कामाची तयारी पूर्वीपासूनच होती.

पण तिची खरी जागा ठरली ती मैदानावर. खेळाचे शिक्षक हरयाणाचे, कुस्ती-कबड्डीच्या मातीतले. मुलगी महाराष्ट्राची हे कळताच त्यांनी निर्णय दिला, "फिर तो खो-खो जानती ही होगी." कन्येने तोवर खो-खो लांबून पाहिला होता. पण ज्या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, तो येत नाही असे सांगणे तिला प्रांताभिमानास कमीपणा आणणारे वाटले असावे. ती ओळीत जाऊन बसली.

येथे मराठीचा प्रश्न आडवा येतो, त्यास बगल देता येत नाही. पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. पण फरिदाबादहून तेथे जावयाचे म्हणजे सारा रविवार खर्ची पडतो. घरात आम्ही मराठी बोलतो, तरी कन्या 'चला' ऐवजी 'चलायचं का' म्हणू लागली, आणि 'मला चालायचं आहे' असे म्हणाली की तिला चालावयाचे नसून निघावयाचे असते. अशा घरात मैदानावरून एक शब्द मात्र जसाच्या तसा परत येत राहिला. बंगाली, मल्याळी, हरयाणवी अशा आठ पोरी ओळीत उकिडव्या बसलेल्या, आणि पाठीमागून आरोळी : 'खो!'

२०२४ च्या नोव्हेंबरात दिल्लीची हवा इतकी बिघडली की राजधानीच्या साऱ्या परिसरातील शाळा बंद झाल्या. धडे चालू राहिले. ते पडद्यावरून घरी आले. मैदान मात्र पडद्यावरून येऊ शकत नाही. गणित चुकत नव्हते, विज्ञान चुकत नव्हते, तरी पोर दिवसभर खिडकीपाशी बसून असे. शाळेतून वजा झाले ते फक्त 'अभ्यासेतर'. आणि शाळा म्हणून तिच्यापाशी काहीच उरले नव्हते.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात पहिली जागतिक खो-खो स्पर्धा झाली. १९ तारखेच्या अंतिम सामन्यांत भारताच्या पुरुषांनी व महिलांनी नेपाळला हरविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात आमच्या घरची मराठी एकाएकी सुधारली.

आता कन्या दहावीत आहे. केंद्रीय विद्यालयांच्या विभागीय संघात तिची निवड झाली, आणि त्याच पंधरवड्यात आमची गुवाहाटीस बदली झाली. शाळेची अडचण नाही. बदलीवर आलेल्या मुलास तेथील विद्यालयात प्रवेश मिळतो, पुस्तके तीच असतात. मात्र विभाग बदलला की संघातील जागा जाते. तेथे पुन्हा ओळीच्या टोकापासून आरंभ. आप्तेष्टांचे मत पडले की बरेच झाले, खेळ सुटेल आणि अकरावीच्या शिकवण्यांस मोकळीक मिळेल. सल्ला हिताचा आहे. आजूबाजूची कितीतरी मुले नववीतच मैदानावरून उठून शिकवणीच्या खोलीत गेलेली आम्ही पाहतो.

आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला. ईशान्येकडे बदली झालेल्यास आधीचे निवासस्थान कुटुंबासाठी ठेवून घेण्याची मुभा आहे. तिचा लाभ घेऊन मायलेकींनी फरिदाबादेत राहावे आणि आम्ही एकट्याने पुढे व्हावे, असे ठरले. खो-खोसाठी संसार दोन ठिकाणी मांडणारे आम्ही कचेरीतील पहिलेच असू. पण तीन वर्षांत जी जागा तिने स्वतः मिळविली, ती आमच्या आदेशाच्या कागदाने जावी, हे पटेना. याची किंमत लहान नाही. संध्याकाळी घरात मराठी बोलणारे तिघे होते, ते दोनच राहतील.

शालेय राष्ट्रीय स्पर्धांत केंद्रीय विद्यालय संघटनेचा संघ एखाद्या राज्यासारखा स्वतंत्र उतरतो. म्हणजे निवड होत गेली तर एके दिवशी तिच्यासमोर महाराष्ट्राचा संघ उभा राहील. हे ध्यानात येताच तिने विचारले, "मग तुम्ही दोघे कोणाकडून ओरडणार?" सौभाग्यवतींनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "तुझ्याकडून. पण मराठीत." त्यावर कन्येचे समाधान झाले, आमचेही झाले.

खो-खोत ओळीतल्याने आपण होऊन उठावयाचे नसते. पाठीमागून खो मिळाला की उठायचे, आणि ज्याने तो दिला त्याने रिकाम्या जागी बसायचे. बदलीच्या नोकरीचा याहून वेगळा नियम आम्हांस कधी दिसला नाही. आमच्या टेबलापाशी बसणारा गृहस्थ सोमवारी रुजू होत आहे. त्याचा मुलगा आठवीत आहे. शाळा किती लांब, म्हणून त्याचे पत्र आले होते. अंतर कळविलेच; मैदानावर किती वाजता जावे आणि कोणास भेटावे, तेही खाली लिहिले.