मोटार श्रेष्ठ कीं मोटारसायकल?

आमच्या वरच्या वर्गांतील मुलें ज्या प्रश्नांवरून हमरीतुमरीवर येतात, त्यांपैकीं एक असा: एकाच रस्त्यावर मोटार व मोटारसायकल धांवविली, तर फेरी कमी वेळांत कोण पुरी करील? निवाड्यासाठीं हीं मुलें आम्हांकडे येतात. व्याकरण शिकविणारास यंत्रांतलें काय कळणार, असें त्यांस वाटत नाहीं, ही त्यांची कृपा. आम्हीं मग आंकडे जमविले, आणि जमवितां जमवितां त्यांतच रमलों.

प्रथम आयरिश समुद्रांतील आईल ऑफ मॅन हें बेट घेऊं. ग्रेट ब्रिटनमध्यें रस्त्यांवर शर्यती लावण्यास कायद्याची आडकाठी होती. म्हणून १९०४ सालीं ह्या बेटाच्या विधिमंडळानें मोटारींसाठीं रस्ते बंद ठेवण्याची सोय केली. दुचाकींची टूरिस्ट ट्रॉफी शर्यत १९०७ सालीं आली व १९११ पासून डोंगराच्या वाटेनें जाऊं लागली. म्हणजे घर बांधलें मोटारीसाठीं, आणि नांदते आहे दुचाकी!

ही फेरी सुमारें ६०.७ किलोमीटरांची. २०१६ सालीं मार्क हिगिन्स ह्यानें सुबारू मोटारींतून ती १७ मिनिटें ३५ सेकंदांत पुरी केली. २०२३ सालीं पीटर हिकमन ह्यानें बीएमडब्ल्यू दुचाकीवरून १६ मिनिटें ३६ सेकंदांत. सरासरी वेग ताशीं सुमारें २१९ किलोमीटर. जवळजवळ एका मिनिटाचें अंतर! कारण पाहूं गेल्यास गूढ नाहीं. रस्ता अरुंद, दोहों बाजूंस दगडी भिंती, घरें, दिव्यांचे खांब. मोटारीचें अंगच रुंद, तेव्हां वळण कापून जाण्यास तिला जागा उरते ती किती? सडपातळ दुचाकी तींच वळणें बरींचशीं सरळ करून घेते. शिवाय सुमारें २०० किलो वजनास २०० हून अधिक अश्वशक्ति, हें प्रमाण चढावर व सरळ रस्त्यावर आपला प्रताप दाखवितेंच.

आतां जर्मनींत जाऊं. आयफेल डोंगरांत न्यूरबुर्गरिंग हा मार्ग १९२७ सालीं मुद्दाम शर्यतींसाठींच बांधून खुला झाला. त्याची उत्तरेकडील फेरी सुमारें २०.८ किलोमीटरांची. तेथें सारेंच उलट. हेल्मुट डेने ह्यानें १९९३ सालीं होंडा दुचाकीवरून ती ७ मिनिटें ४९ सेकंदांत केली. पण त्याच्या दहा वर्षें आधींच स्टेफान बेलोफ ह्यानें पोर्शे मोटारींतून तीच वाट ६ मिनिटें ११ सेकंदांत कापली होती. २०१८ सालीं टिमो बर्नहार्डच्या पोर्शेनें तर ५ मिनिटें १९ सेकंद! अशा मोटारीची घडणच अशी असते कीं, वेग वाढेल तसा वारा तिला भुईवर दाबून धरतो, आणि चार रुंद चाकें वळणांत घट्ट चिकटून राहतात. दुचाकीचें प्रत्येक चाक जमिनीस टेकतें तें तळहाताएवढ्या जागेनें; जोरानें रोध लावावा तर मागचें चाक उचलूं पाहतें.

पण येथें परीक्षकानें चष्मा पुसावा. हिगिन्सची मोटार रस्त्यावरच्या साध्या मोटारीपासून घडविलेली. बर्नहार्डची पोर्शे ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या जातीची, वर शर्यतीच्या नियमांतूनही मोकळी केलेली. उलट डेनेची होंडा बाजारांत विकली जाणारी, आणि हिकमनची दुचाकीही दुकानांतल्या यंत्रांत थोडेच फेरफार केलेली. एका शाळेचा पहिला विद्यार्थी व दुसरीचा मधला, ह्यांच्या गुणांवरून शाळांची प्रत ठरवावी, तसा हा प्रकार. त्यांतल्या त्यांत बेटावरचा निकाल आम्हांस अधिक विलक्षण वाटतो.

घड्याळ मात्र एक गोष्ट मोजीत नाहीं. त्या डोंगरी वाटेवर १९११ पासून अडीचशेंहून अधिक स्पर्धकांनीं प्राण गमाविले आहेत. हाच हिगिन्स २०११ सालीं ब्रे हिल नांवाच्या उताराच्या तळाशीं ताशीं सुमारें २४० किलोमीटर वेगांत घसरला. मोटार एका बाजूस गेली, दुसऱ्या बाजूस गेली, भिंती दोहोंकडे होत्याच. त्यानें चक्र फिरवून तिला सांवरलें व तसाच पुढें निघून गेला. त्याच वर्षीं मोटारींचा तेथील जुना विक्रमही मोडला. त्या क्षणीं त्याच्याखालीं चार चाकें होतीं.