कांचेच्या पेटींतील शेवाळ

अंगणांत फुलझाड लाविलें, कीं त्याच्या आळ्यांत तण उगवतें, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु पाण्यांत लाविलेल्या बागेसही तणाची पीडा असते, आणि ती केवळ उपटून जात नाहीं, हें आम्ही गेल्या वर्षीं शिकलों. तें शिकतांना आमच्या हातून एक अन्याय घडला. तोही येथें सांगणें प्राप्त आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या प्रयोगशाळेंत एक मत्स्यपेटी आली. लांबी तीन फूट, रुंदी एक फूट, उंची सव्वा फूट. पाणी सुमारें शंभर लीटर मावे. तळाशीं वाळू पसरून आम्हीं तींत व्हॅलिस्नेरियाचीं चार रोपें लाविलीं आणि अकरा गप्पी मासे सोडले. व्हरांड्यांतून जाणारांस दिसावी, म्हणून पेटी पूर्वेच्या खिडकीशीं ठेविली. सकाळचें ऊन पाण्यांतून आरपार जाई, तेव्हां तें दृश्य मोठें मनोहर दिसे. वरचा दिवा आम्ही शाळेंत पाऊल टाकतांच लावीत असूं आणि सायंकाळीं घरीं निघतांना मालवीत असूं. माशांस खाद्य घालण्याचें काम आठवीच्या एका विद्यार्थ्याकडे सोंपविलें होतें.

तीन आठवड्यांत कांचेवर तपकिरी थर चढला. मग हिरवा थर आला, आणि पुढें व्हॅलिस्नेरियाच्या पानांवर केसांसारखे हिरवे तंतू लोंबूं लागले. हा मुलगा खाद्य फार घालतो, असा आम्हीं निष्कर्ष काढिला, साऱ्या वर्गादेखत त्यास बोल लाविला आणि तें काम काढून घेतलें. तो खालीं मान घालून उभा राहिला. एक शब्दही बोलला नाहीं.

मग आम्हीं स्वतः कंबर कसली. एका शनिवारीं सर्व पाणी उपसून टाकिलें, वाळू धुतली, गाळणीचा स्पंज नळाखालीं पिळून काढिला, कांच घासून लख्ख केली आणि नळाचें ताजें पाणी भरलें. सोमवारीं येऊन पाहतों तों अकरांपैकीं सात मासे मेलेले! पंधरा दिवसांत शेवाळही परत आलें, आणि तें पहिल्याहून दाट.

असें कां व्हावें? माशांची विष्ठा आणि कुजणारें अन्न यांपासून अमोनिया उत्पन्न होतो, व तो माशांस विषारी असतो. वाळूवर व स्पंजांत वस्ती करणारे सूक्ष्म जंतू त्याचें प्रथम नायट्राइट आणि नंतर पुष्कळच सौम्य असें नायट्रेट बनवितात. स्वच्छतेच्या भरांत आम्हीं हे उपकारी जंतूच धुऊन टाकिले होते. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांस अपायकारक, तें निराळेंच. शेवाळाचें बीज मात्र धुऊन जात नाहीं. प्रकाश मिळाला, नायट्रेट व फॉस्फेट हीं खाद्यें मिळालीं आणि त्यांत वाटेकरी कोणी नसला, म्हणजे तें फोफावणारच. झाडून ठेविलेल्या रिकाम्या घरांत गेलेलें भूत आणखी सात सोबती घेऊन परत येतें, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों. आमची पेटी म्हणजे तेंच घर, हें मात्र ध्यानांत आलें नाहीं!

लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० सालीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेविलीं. कांहीं दिवसांनीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें व हिरवी बुरशीसारखी वाढ दिसूं लागली. तेव्हां त्यांनीं सर्व उपसून न टाकतां पाण्यांत तळ्यांतील गोगलगायी सोडल्या. त्यांनीं ती घाण खाल्ली आणि पाणी निवळलें. हें वाचून आम्हांस आपल्या घासण्याची लाज वाटली.

त्याच सुमारास कपाटांत त्या विद्यार्थ्याची वही सांपडली. रोजची तारीख आणि तिच्यापुढें, ‘सकाळीं एक चिमूट.’ त्याच्याखालीं कित्येक ठिकाणीं बारीक अक्षरांत, ‘दुपारीं सरांनीं पुन्हां घातलें.’ खरेंच होतें तें. मोकळ्या तासास मासे धांवत वर येतांना पाहण्याच्या हौसेनें खाद्य टाकीत होतों ते आम्हीच. खिडकी आमची, दिवा आमचा, खाद्यही आमचें. दोष तेवढा त्याचा!

दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गासमोर आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, “सर, पेटी भरलेली आहे, हलणार नाहीं. खिडकीला पडदा लावूं या का?”

पडदा लागला. दिवा दिवसाचे सातच तास ठेविला. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगांतील आपली परिचित हायड्रिला दाट लाविली. ती झपाट्यानें वाढते व शेवाळाचें खाद्य स्वतः घेते. चार गोगलगायी सोडल्या. दोन मिनिटांत संपेल इतकेंच खाद्य घालावयाचें, असा नियम केला. आठवड्यास चौथाई पाणी बदलूं लागलों, तेंही एक दिवस उघडें ठेवून क्लोरीन उडून गेलेलें. स्पंज पेटींतून काढिलेल्या पाण्यांतच हलक्या हातानें खळबळला. हिरवे तंतू काडीवर गुंडाळून काढिले. दुकानांत मिळणारें तांबेयुक्त औषध घातलें नाहीं. त्यानें गोगलगायी मरतात आणि मूळ कारण जागच्या जागींच राहतें.

दोन महिन्यांनीं पाणी निवळलें. मागील कांचेवर थोडें शेवाळ अद्यापि आहे. तें गोगलगायींच्या वांट्याचें म्हणून आम्ही ठेविलें आहे. उरलेल्या चार गप्पींस पिलेंही झालीं आहेत. खाद्याचें काम व वही पुन्हां त्याच विद्यार्थ्याकडे आहे. ती वही आम्ही मधूनमधून चाळून पाहतों. आमच्या नांवाची नोंद तींत पुन्हां झालेली नाहीं, याचा आम्हांस पाणी निवळल्यापेक्षांही अधिक संतोष वाटतो.