हौसेला मोल नसते, असे म्हणतात

ज्याला रस्त्यावर सायकल चालवण्याची केवळ हौस आहे, अशा माणसाविषयी बोलताना मराठी घरांत ‘हौसेला मोल नसते’ ही म्हण हमखास तोंडी येते आणि खर्चाचा विषय तिथेच मिटतो. ती त्याला लागू पडते का, हा प्रश्न मात्र मिटत नाही. बारशातली किंवा डोहाळजेवणातली हौस हिशेबाबाहेर राहू शकते, कारण तिथे मोजमाप करणेच अशोभनीय मानले जाते. उलट रोड बाइक, म्हणजे अरुंद चाकांची, खाली वळलेल्या हँडलची हलकी सायकल चालवणारा हौशी स्वार अंतर, चढ, हृदयाचे ठोके आणि पॅडलचे दर मिनिटाचे फेरे या साऱ्यांची नोंद ठेवतो.

त्याच्या आवडीचा ‘ब्रेव्हे’ हा लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा प्रकार तर मोजण्यावरच उभा आहे. १९०४ साली स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पॅरिझियन या फ्रेंच संस्थेच्या नियमांप्रमाणे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करावे लागतात, वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी हजेरीची नोंद घ्यावी लागते आणि चाक पंक्चर झाल्यास पंक्चर स्वारानेच काढायचे असते. इतके काटेकोर मोजूनही क्रमांक लावला जात नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट जिंकणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. ब्रेव्हेत मात्र दुपारी पोहोचलेला आणि मुदत संपता संपता रात्री पोहोचलेला यांच्यात भेद नाही. मोजदाद आहे आणि तिचे बक्षीस नाही, ही स्थिती म्हणीला खरी ठरवते की खोटी, हे सांगणे कठीण आहे. म्हणीला अडचणीत आणणारे उदाहरणही आहे: १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैलांनंतर १९२८ साली परतले. सुमारे साडेचार वर्षांचे तारुण्य खर्ची घालणे हे मोल नव्हे, असे म्हणायला जीभ धजत नाही.

मुंबईच्या माझगावात हा विचार आणखी अडखळतो, कारण हौशी स्वार पहाटे ज्या वेळी डॉकयार्ड रोड स्थानकाजवळून जातो, त्याच वेळी पाववालाही रस्त्यावर असतो. त्याची सायकल काळी, जड आणि दांडीची. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लादीपावाने फुगलेल्या पिशव्या, हँडलला आणखी एक, आणि त्या भारामुळे उतरताना तो पाय आधी पुढच्या दांडीवरून काढतो. तो चाळींच्या दारांशी थांबतो, पुन्हा टांग टाकतो, आणि दर वेळी उभ्या जागेवरून तो भार गतीत आणतो, ज्याला शास्त्रीय भाषेत जडत्वावर मात करणे म्हणतात व जे कष्टाचे काम आहे. त्याच्या प्रत्येक फेरीला रुपयांत मोल आहे, पण त्याचे किलोमीटर कोणी मोजत नाही आणि त्याला कोणी सायकलपटू म्हणत नाही. हौशी स्वार रस्त्यातली काच टायरवर अंगठा फिरवून शोधतो. पाववालाही तेच करतो. मग पोटासाठी चालवणाऱ्याला हौस नसते, हे कोणी आणि कशावरून ठरवले? रिकाम्या पिशव्यांनिशी परतताना भंडारवाड्याच्या टेकडीखालच्या उतारावर तो पॅडल थांबवून सायकल नुसती वाहू देतो, तेव्हा त्या उताराचे मोल धंद्याच्या खात्यात धरावे की हौसेच्या? म्हण दोघांपैकी कोणासाठी केलेली आहे, हे आता पूर्वीइतके स्पष्ट वाटत नाही, आणि ती मुळात न चालवणाऱ्यांच्या सोयीसाठी असावी, अशीही शंका येते.

हौशी स्वाराला भाऊच्या धक्क्यावरून २०२० साली सुरू झालेल्या रो-रो बोटीत सायकल चढवून मांडव्याला उतरता येते आणि अलिबागचा मोकळा रस्ता गाठता येतो. पाववाल्याची हद्द शेवटच्या गिऱ्हाइकापाशी संपते. माझगावच्या शेजारून जाणारा पूर्व मुक्त मार्ग मात्र २०१३ साली खुला झाल्यापासून दोघांच्याही सायकलींना बंद आहे, त्यामुळे तिथून बंदराच्या कडेने उत्तरेकडे जायचे तर दोघांनाही अवजड ट्रकांच्या शेजारून रे रोड धरावा लागतो.