एका गावात चार विद्यापीठं

भाचा बॉस्टनला शिकायला गेल्यापासून आमच्या घरात कॉलेजांच्या आइस हॉकीची गुणतालिका वाचली जाते. तेही परभणीत, जिथे बर्फ बघायचा तर रसवंतीवर! (जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उगाच नाही.)

तिकडे कॉलेजांची पहिली वाटणी डिव्हिजनची. डिव्हिजनच्या आत कॉन्फरन्स, म्हणजे आपापला गट. गुणतालिका त्या गटाची. आता गंमत बघा. हार्वर्ड आणि बॉस्टन युनिव्हर्सिटी यांच्यात आडवी काय ती चार्ल्स नदी. पण हार्वर्ड ‘ईसीएसी’त आणि बॉस्टन ‘हॉकी ईस्ट’मध्ये. शेजारी असून तालिका वेगळी.

हे वाचलं आणि मला आपलं गाव आठवलं. परभणीतली कला-विज्ञानाची कॉलेजं १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात. कृषी महाविद्यालय इथल्याच कृषी विद्यापीठाचं. पशुवैद्यकीय महाविद्यालय आधी त्याच कृषी विद्यापीठात होतं, २००० साली नवं विद्यापीठ निघालं आणि ते नागपूरला जोडलं गेलं. नवीन वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं. म्हणजे गाव एक, विद्यापीठं चार! आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ज्याच्या त्याच्या विद्यापीठात होते. त्यामुळे परभणीची पोरं परभणीच्याच पोरांशी कबड्डी खेळत नाहीत. गाठ पडलीच तर पार ‘अश्वमेध’ला, तीही विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर.

आमच्या गल्लीतली एक मुलगी चांगली चढाई करते. गेल्या वर्षी परगावी एक सामना खेळली, हरली, संध्याकाळच्या गाडीनं परत. बाद पद्धत ना! तिची मावसबहीण कृषीला, पकड अशी की सुटका नाही. दोघी दिवाळीत अंगणात खेळतात तेवढंच.

बॉस्टनवाल्यांनी यावर १९५२ मध्येच तोड काढली. चार कॉलेजं, फेब्रुवारीतले पहिले दोन सोमवार, नाव बीनपॉट, म्हणजे घेवडा शिजवायची हंडी! पहिल्या सोमवारी हरलेले दोन संघ दुसऱ्या सोमवारी तिसऱ्या जागेसाठी खेळतात, म्हणजे घरी कुणीच लवकर जात नाही. हे सामने कॉन्फरन्सच्या तालिकेत धरत नाहीत, तरी गर्दी अशी की १९७८ च्या हिमवादळात लोक सामना बघत बसले आणि स्टेडियममध्येच अडकले. १९७९ पासून मुलींचीही बीनपॉट आहे.

आपल्याला काय अवघड आहे? महिला कबड्डीला १२ बाय ८ मीटरचं मैदान पुरतं, बर्फ लागत नाही. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरुसाला अख्खा जिल्हा गावात असतो, प्रेक्षक शोधायला नकोत. हंडीऐवजी हुरडा करंडक म्हणू. चार कॉलेजांच्या क्रीडा शिक्षकांनी एकदा चहाला बसावं, चहा माझ्याकडे. पण या वर्षीच बसा मंडळी, आमच्या गल्लीतल्या त्या पोरीचं हे शेवटचं वर्ष आहे.