हाकेच्या अंतरावरचे बेट

दिवाळीची सुटी जवळ आली की आपल्या घराघरांतून बेटांच्या गोष्टी सुरू होतात. कुणाची अंदमानची तिकिटे काढून झालेली असतात, कुणी लक्षद्वीपच्या परवान्यासाठी अर्ज केलेला असतो, आणि ज्यांचे चिरंजीव परदेशी आहेत ते तर बालीच्या अलीकडे बोलायलाच तयार नसतात. उरलेली मंडळी मुलांना घेऊन जुहूला जातात, भेळ खातात आणि समुद्रापेक्षा माणसांचीच भरती अधिक पाहून परत येतात.

खरे म्हणजे अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतचे आपण सारेच बेटावर राहणारे. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस समुद्र, यांनी वेढलेली ही साष्टी. म्हणजे सहासष्ट गावांची भूमी. आगगाडीने आपल्याला त्याचा विसर पाडला, एवढेच. पण या बेटाच्या पश्चिम अंगाला आणखी एक चिंचोळी पट्टी आहे. गोराई, मनोरी, उत्तन ही गावे तिच्यावर वसलेली. जुन्या कागदपत्रांत हिचे नाव धारावी बेट. शहरातल्या धारावीशी हिचा घोटाळा करू नये. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी १७३९ साली हे ठाणे पोर्तुगीजांकडून घेतले. आज भाईंदरच्या बाजूने तेथे गाडीरस्ता जातो. पण बोरिवलीकडून गोराईला किंवा मालाडकडून मार्व्यावरून मनोरीला जायचे, तर होडीत बसून खाडी ओलांडावी लागते. होडीत माणसे असतात, मासळीच्या पाट्या असतात, स्कूटरीही असतात. पाचदहा मिनिटांत तिवरांची झाडी मागे पडते आणि कानांतला लोकलचा खडखडाट थांबतो.

गोराईला पूर्वीही माणसे जात. पण ती बहुधा १९८९ साली सुरू झालेल्या आणि २०२२ साली बंद पडलेल्या एस्सेलवर्ल्डमध्ये. आता २००९ साली उभा राहिलेला विपश्यना पॅगोडा पाहायला जातात. त्यांतले बरेचसे समुद्राचे दर्शन न घेताच परततात.

आता पुळण निवडायची कशी? लोक जागा निवडतात. माझे म्हणणे असे, की आधी तिथी निवडावी. भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. दिवसाही आणि रात्रीही. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. भरती रोज सुमारे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, पुढे सरकते, हेच या हिशेबाचे मर्म. अर्ध्यापाऊण तासाची चूक धरून चालावे. मात्र वद्य पक्षातही एकपासूनच मोजावे.

या गणिताचा उपयोग केवळ कुतूहलापुरता नाही. पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाण असते. मुंबईला तेव्हा भरती साडेचार मीटरांवर चढते. नेमक्या अशा रविवारी मंडळी जेवूनखाऊन तीन वाजता पाण्यात उतरतात. त्या वेळी ओहोटी जोरात असते आणि सारे पाणी बाहेर ओढ घेत असते. अक्सा येथे तर वाळूत खड्डे पडतात आणि त्यांच्या जागा बदलत राहतात. तेथे दरवर्षी होणारे घात वर्तमानपत्रांत आपण वाचतोच. बुडणारा बहुधा तरणाताठा मुलगा असतो. अक्सा पाहावी, पण काठावरून. जीवरक्षकाची शिट्टी हा आपला अपमान समजू नये.

कुटुंबासाठी उत्तम दिवस शुद्ध अष्टमीच्या आसपासचा. त्या सुमारास समुद्र भांगाचा असतो. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. दुपारी बाराला ओहोटी पूर्ण होते, ओली वाळू उघडी पडते. मुलांनी किल्ले बांधावे, शिंपले वेचावे. मग पाणी सावकाश परत येते. आणि सूर्य बुडतो तेव्हा अर्धा चंद्र डोक्यावर आलेला असतो, त्यामुळे परतीची वाट अंधारी होत नाही.

जागेची निवड मग सोपी. लांब फिरायचे असेल तर गोराई. झाडांच्या सावलीत डबा उघडून निवांत पडायचे असेल तर मनोरी. होडी नको वाटत असेल तर मढच्या वाटेवरचे एरंगळ घ्यावे. तेथे १५७५ सालचे सेंट बोनाव्हेंचरचे देऊळ अगदी समुद्राला लागून उभे आहे आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी त्याची जत्रा भरते. फक्त नितळ निळे पाणी कोठेही शोधू नये. लक्षद्वीपला प्रवाळाचा बांध लाटा बाहेरच अडवतो. आपल्याकडे खाड्यांचा गाळ समुद्रात उतरतो, म्हणून पाणी मातकट. पण बांबूंवर ओळीने वाळणारे बोंबील आणि त्यांच्यामागे उतरणारे ऊन हे चित्र लक्षद्वीपला मिळायचे नाही.

ही शांतता टिकली ती पूल नसल्यामुळे, असे मी एकदा होडीत मोठ्या कौतुकाने म्हणालो. शेजारी रिकामी पाटी घेऊन बसलेली मनोरीची एक बाई हसली. तुम्ही खाडी वर्षातून एकदा ओलांडता, आम्ही रोज ओलांडतो, असे तिने आपल्या बोलीत सांगितले. आणि रात्री कुणी आजारी पडले तर काय करायचे, हेही विचारले. उत्तनवरून भाईंदरचा वळसा तिला ठाऊक होता, आणि त्या वळशात जाणारा वेळही. पण मोठी पर्यटननगरी येथे येणार, अशी भाषा निघाली तेव्हा याच गावांनी विरोध केला होता. त्यांना पूल हवा असेल तो दवाखान्याकडे जाण्यासाठी. पुलावरून जुहू आपल्या दारात यावी म्हणून नव्हे. या दोन गोष्टींत विरोध नाही. तो आपल्यासारख्यांनी, पुळणीवरची आपली दुपार वाचावी म्हणून, कल्पिलेला आहे.

पूल व्हायचा तेव्हा होईल. तोवर या पट्टीवर जाताना आपण कुणाच्या तरी अंगणात जात आहोत, एवढे ध्यानात ठेवावे. वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चालू नये, मासळी आणि शहाळे तेथल्याच माणसांकडून घ्यावे, आणि डब्याबरोबर नेलेला कागद डब्यातच परत आणावा. शेवटची होडी किती वाजता सुटते, ते मात्र उतरतानाच विचारून ठेवा.