पाणी कुठं मुरतंय

पुण्याजवळच्या मांजरीत पाण्याचा हिशेब सगळेच ठेवतात. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात वेलीला किती पाणी पुरतं ते मोजलं जातं, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाच्या ठिबकचं शास्त्र चालतं आणि नव्या सोसायट्यांत टँकरच्या खेपा वॉचमनच्या वहीत चढतात. आमच्या जुन्या डिझेल गाडीचं पाणी मात्र बेहिशेबी जात होतं. कूलंटच्या डबीतली पातळी खालच्या रेघेखाली उतरायची. भरली, की काही दिवसांनी पुन्हा तेच. आणि पार्किंगची फरशी कोरडी ठाक. उन्हाळ्यात गाडीखाली थारोळं दिसायचं, पण ते एसीचं. त्याला ना रंग, ना चिकटपणा.

गाडीची गळती लबाड असते. इंजिन चालू असताना कूलंट नव्वद अंशांच्या आसपास फिरतं आणि रेडिएटरच्या झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे शंभरच्या वर गेलं तरी लगेच उकळत नाही. केसाएवढ्या भेगेतून थेंब सुटला, की तो तापल्या लोखंडावर पडून वाफ होतो. बॉनेट उघडेपर्यंत पुरावा उडालेला. मागे राहिलाच तर एखादा पांढरट-हिरवट पापुद्रा, होजपाईपच्या क्लिपपाशी किंवा ‘वॉटर बॉडी’च्या पोटाशी. गॅरेजवाले वॉटर पंपाला वॉटर बॉडी म्हणतात. त्या पंपाला खालून मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं, की पाणी बेअरिंगकडे न जाता त्या भोकातून बाहेर ठिबकतं. गळतीलाच तक्रार करायची वाट काढून देणारा तो कोण इंजिनिअर असेल, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

आमचा पंप कोरडा होता. होजपाईपही धड होते.

२७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला. खडकवासल्याचं पाणी हडपसरवरून पुढे दौंड-इंदापूरकडे नेणारा हाच तो कालवा. वस्तीत पाणी शिरलं, संसार वाहून गेले आणि तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवलं. लोक हसले. पण गळती म्हटली की आधी आरोपी ठरवायचा, ही खोड पार्किंगमध्येही तितकीच आहे. आमच्या गाडीचा खेकडा म्हणजे हेड गॅसकेट. “हेड गेलं असणार,” असं येणारा-जाणारा सांगून जायचा. वास्तविक सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, की ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा नव्हता. दुसरा सल्ला त्याहून सोपा: “वरून साधं पाणी ओतत राहा.” आमच्याकडचं साधं पाणी म्हणजे टँकरचं, ज्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. ते ओतत राहिलं, की कूलंटमधलं ग्लायकॉल पातळ होतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतो आणि एक दिवस दिवे घाटाच्या चढाला काटा लाल रेघेला भिडतो. मग कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकायला सांगतो. या सल्ल्यांचा राग येत नाही, पण ओतणं आणि शोधणं यात ओतणंच आपल्याला इतकं का आवडतं, हे कोडं आहे खरं.

गॅरेजच्या मामांनी शोधायचं ठरवलं. “रातभर उभी ठेवा आणि गारच आणा,” ते म्हणाले. “तापलेली गाडी खोटं बोलती.” गार इंजिनाच्या टाकीला त्यांनी दाब-मापकाचा हातपंप लावला, झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब भरला आणि स्टूल ओढून बसले. काटा हळूहळू उतरू लागला. बाहेर कुठेही थेंब नाही. म्हणजे पाणी आतच कुठेतरी जात होतं. मामांनी कूलंटमध्ये पिवळसर रंग टाकला आणि गाडी दोन दिवस वापरायला सांगितलं.

असा रंग टाकून हरवलेलं पाणी शोधायची युक्ती गाड्यांहून जुनी आहे. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूब नदी पात्रातल्या भेगांत गडप होते. ते पाणी जातं कुठं, हे पाहायला १८७७ च्या ऑक्टोबरात तिच्यात सुमारे दहा किलो फ्लुओरेसीन ओतलं. दोन-तीन दिवसांत बारा किलोमीटरवरचा आखचा झरा हिरवा चमकू लागला. आखचं पाणी ऱ्हाईनला मिळतं. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेली नदी गुपचूप उत्तर समुद्राला पाणी पोचवत होती!

आमची नदी डाव्या सीटच्या पायाशी निघाली. मामांनी गालिचा उचलून अतिनील टॉर्च मारला, तर खालचा फोम हिरवागार. डॅशबोर्डच्या मागे हीटरची छोटी जाळी असते. हीटर बंद असला तरी आमच्या गाडीत तिच्यातून गरम कूलंट फिरतच राहायचं. ती जाळी पाझरत होती. पावसाळ्यात काच आतून तेलकट धुरकटायची, त्याचा दोष आम्ही पावसाला दिला. ओल्या गालिच्याचा चपलांना. आणि गोडसर वासाचा सोलापूर रस्त्यावरच्या रसवंत्यांना.

“नवीन बसवायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागंल,” मामा म्हणाले. “हीटर लावता का कधी?”

मांजरीत कोण लावतो! त्यांनी हीटरकडे जाणारे दोन्ही पाईप एका वाकड्या नळीने एकमेकांना जोडून टाकले. सांडलेलं कूलंट आधी धुऊन घेतलं, कारण गॅरेजात कुत्री असतात आणि हे गोड पाणी त्यांना विष. गालिचा दोन दिवस गच्चीत वाळला. डबीतली पातळी आता जागची हलत नाही. डिसेंबरात पहाटे सासवडकडे निघालो की बायको शाल गुंडाळून बसते आणि मी काच फडक्याने पुसतो.