कवडीचुंबकाची वाट

प्रवासापेक्षा प्रवासाचा आराखडाच मला अधिक आवडतो, असा माझ्यावर घरात जुना आरोप आहे. तो अगदीच खोटा नाही. नोकरी मराठीच्या प्राध्यापकाची. सवड म्हणाल तर मे महिन्याची, आणि त्या सवडीत कुठे जावे म्हटले तर खिसा साथ देत नाही. तेव्हा जमिनीवर नकाशा पसरून कोणत्या घाटाने उतरावे, कुठे जेवावे, कुठे दोन पैसे वाचवावे याचे बेत करीत बसणे हा माझा बिनखर्चाचा छंद. हा छंद एक दिवस थेट फ्रान्समध्ये उपयोगी पडेल, असे मात्र मला स्वप्नातही वाटले नव्हते.

माझा धाकटा भाऊ अठरा वर्षे इंग्लंडात आहे. गेल्या मे महिन्यात त्याने आईला, मला आणि सौभाग्यवतींना बोलावून घेतले. दक्षिण फ्रान्समध्ये बेझिए गावाजवळ त्याने पंधरा दिवसांसाठी एक घर भाड्याने घेतले होते. त्याची बायको-मुले विमानाने परभारे यायची होती. आम्ही चौघांनी त्याच्या मोटारीने जायचे, असे ठरले.

“सकाळी सहाला कॅले सोडायचं आणि रात्री जेवायला बेझिए,” बंधुराजांनी फर्मावले.

कॅले हे फ्रान्सचे उत्तर टोक आणि बेझिए जवळजवळ भूमध्य समुद्रावर. मधले अंतर हजार किलोमीटरांहून थोडे जास्तच. म्हणजे पुण्याहून नागपूरला जावे आणि तेथून परत निम्म्या वाटेवर यावे, इतके. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. दर दोन तासांनी तिचे गुडघे तिला उठवतात. पण बंधुराजांना घाई. लहानपणी हाच प्राणी दात घासायला अर्धा तास लावायचा. अलीकडे मात्र याला प्रत्येक गोष्ट काल व्हायला हवी असते. विलायतचे पाणी, दुसरे काय, अशी मी मनाची समजूत घातली होती.

त्याचा रस्ता रँस, दिजाँ, लियाँ असा सगळा महामार्गाचा होता. फ्रान्समध्ये टोल घेण्याची सोय १९५५ च्या कायद्याने झाली आणि आज तिथले बहुतेक मोठे महामार्ग कंपन्यांच्या हाती आहेत. त्याच्या रस्त्याचा टोल मी मांडून पाहिला. ऐंशी युरोंच्या पुढे गेला! म्हणजे आपले आठ हजार रुपये, तेही एकेरी. मी म्हटले, “मला एक संध्याकाळ आणि एक कागदी नकाशा दे.”

“दादा, मोबाइलमधली बाई सांगते की रस्ता.”

“ती बाई वेळ वाचवते. मी पैसे वाचवतो.”

नकाशा पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. सगळेच महामार्ग टोलाचे नसतात. डोंगराळ, मागे पडलेल्या भागांना वाट मिळावी म्हणून सरकारने काही रस्ते स्वतःच्या खर्चाने बांधले आणि ते फुकट ठेवले. क्लेर्मों-फेराँहून बेझिएकडे उतरणारा ए-७५ हा त्यांतला मुकुटमणी. तीनशेहून अधिक किलोमीटर, आणि वाटेतला एक पूल सोडला तर टोल नाही. शिवाय आबव्हील ते रुआं हा ए-२८ फुकट. पुढे एव्हरो, द्रो, शार्त्रवरून जाणारा जुना राष्ट्रीय रस्ता फुकट. ऑर्लेआंहून दक्षिणेला जाणारा डी-२०२० फुकट. हे तुकडे जोडले की पॅरिसही टळते आणि लियाँही. मात्र एका दिवसात हे होणार नाही, वाटेत मुक्काम हवा. आईसाठी तो तसाही हवाच होता. बंधुराजांनी आईकडे पाहिले आणि मुकाट्याने मान डोलावली.

दिवसही मीच निवडला. फ्रान्समध्ये ‘बिझों फ्युते’, म्हणजे ‘शहाणा गवा’, नावाची एक सरकारी सेवा १९७६ पासून चालते. कोणत्या दिवशी रस्त्यांवर किती गर्दी होईल, ते ती हिरव्या, नारिंगी, तांबड्या आणि काळ्या रंगांनी आधीच सांगते. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवारांच्या वाटेला जाऊ नये. आम्ही मेमधला एक हिरवा मंगळवार धरला.

भावाची गाडी इंग्लंडातली, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे, आणि फ्रान्समध्ये गाडी चालवायची रस्त्याच्या उजव्या अंगाने. याचा परिणाम असा, की टोलनाक्याची खिडकी नेमकी डावीकडे, म्हणजे माझ्या बाजूला. तिकीट मी घ्यायचे, पैसे मी भरायचे. याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढच्या वाहनाला मागे टाकायचे तर समोरून कोणी येते आहे का, हे चालकाला दिसत नाही. ते डावीकडे बसलेल्या माणसाने सांगायचे. महामार्गावर याची गरज पडत नाही. दुपदरी रस्त्यावर दर दहा मिनिटांनी पडते.

“मोकळं आहे?”

“नाही, थांब.”

“आता?”

“ट्रक आहे. थांब. हां, आता जा.”

दिवसभर आमचे संभाषण एवढेच. खरे सांगायचे तर गेली तीन वर्षे त्याहूनही कमी होते.

बुलोन्यपर्यंत महामार्ग फुकट आहे, तिथे तो सोडून आम्ही जुन्या रस्त्याला लागलो. माँत्रय-सुर-मेर लागले. नावात समुद्र आहे, पण समुद्र केव्हाच मैलोगणती मागे हटला आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला ज्याँ व्हालज्याँ नाव बदलून नगराध्यक्ष झाला तो याच गावचा. हे मी वर्गात कितीदा तरी सांगितले असेल. पण खऱ्या गावाच्या तटाखाली उभे राहून सांगताना आवाज उगीचच खाली आला.

या रस्त्यांचे नियम साधे आहेत, पण पाळावे लागतात. दुपदरी रस्त्यावर २०१८ पासून वेग ताशी ८०. काही जिल्ह्यांनी तो पुन्हा ९० केला आहे. लाल किनारीच्या पाटीवर गावाचे नाव दिसले की ५०. तेच नाव तिरकी लाल रेघ मारून आले, की गाव संपले. आईला ही रेघ मुळीच आवडली नाही. “चांगल्या नांदत्या गावाच्या नावावर काट कशाला मारायची रे?” ती म्हणाली. आणि गावात खूण नसेल तिथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, मग ती कितीही मरतुकडी असो.

माझ्या आराखड्यात एक चूक निघाली. जेवणाची वेळ बारा ते दोन, हे मी वाचले होते. पण ते इतके खरे असेल असे वाटले नव्हते. द्रोच्या अलीकडे एका गावात आम्ही सव्वादोनला पोचलो, तर खाणावळ बंद, पाववाला बंद, किराणावालाही बंद. बंधुराजांनी माझ्याकडे असे पाहिले, की महामार्गावरचे उपाहारगृह मला त्यांच्या डोळ्यांत दिसले. तेवढ्यात आईने डबा काढला. दशम्या, लसणाची चटणी, दही. चर्चसमोरच्या झाडांखाली बाकावर बसून आम्ही जेवलो. आमच्याकडे सातारा रस्त्यावर असेच वड होते. रस्ता रुंद झाला आणि ते गेले. एक म्हातारी कुत्र्याला घेऊन जात होती. ती थांबली आणि डब्याकडे पाहून काहीतरी म्हणाली. आईने तिला दशमी दिली. दोघी आपापल्या भाषेत बराच वेळ बोलल्या आणि दोघींचे समाधान झालेले दिसले.

शार्त्र जवळ आले तसा सपाट गव्हाचा मुलूख लागला. सगळीकडे हिरवे शेत, आणि क्षितिजावर एकाएकी दोन सुळके. त्या प्रसिद्ध चर्चचे मनोरे, एक साधा, एक नक्षीचा, उंचीलाही असमान. गाव दिसत नाही, घरे दिसत नाहीत, नुसते शिखर दिसते. वारकऱ्याला दुरून कळस दिसावा तसे. आईने चालत्या गाडीतून हात जोडले. “देव कुणाचाही असो, कळस दिसला की नमस्कार करावा,” ती म्हणाली. महामार्गाने गेलो असतो तर या जागी आवाज अडवणारी एक भिंत पाहिली असती.

ऑर्लेआंच्या दक्षिणेला सोलोन्यचा प्रदेश, झाडी आणि तळी यांचा. रस्ता सरळ आणि आमच्यापुढे एक ट्रॅक्टर. समोरून गाड्या एकामागून एक. मी “थांब, थांब” म्हणत होतो. मागे सौभाग्यवतींचा आणि आईचा डोळा लागला होता.

“दादा,” भाऊ म्हणाला, “मला घाई का असते ठाऊक आहे तुला?”

मी काही बोललो नाही.

“बाबांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी तिकीट काढलं होतं. तू फोनवर म्हणालास, ‘घाई करू नकोस, धोका टळलाय, पुढच्या आठवड्यात सवडीनं ये.’ मी तिकीट पुढे ढकललं. तेव्हापासून मला सावकाश जाताच येत नाही.”

बाबा त्याच रात्री गेले होते. भाऊ आला तिसऱ्या दिवशी. गेली तीन वर्षे नातेवाइकांत मी एक वाक्य अनेकदा बोललो होतो, “तो तिसऱ्या दिवशी आला.” माझे फोनवरचे वाक्य मात्र मी पार विसरलो होतो. खरे तर विसरलो नव्हतो, पुसून टाकले होते. आणि त्याने ते एकदाही कोणापुढे काढले नव्हते.

“मोकळं आहे?” त्याने विचारले.

“नाही,” मी म्हणालो, “थांब जरा.”

त्या रात्रीचा मुक्काम लामोत-ब्यूव्रोंला होता. सफरचंदाच्या उलट्या भाजलेल्या ‘तार्त तातँ’चे हे गाव, इथल्या तातँ भगिनींच्या हॉटेलावरून त्या पदार्थाला नाव पडले. “अंडं नाही ना?” असे तीनदा विचारून आईने तो खाल्ला आणि “गुळाच्या पाकासारखं लागतं” असा अभिप्राय दिला. बायका झोपल्यावर आम्ही दोघे बाहेर रस्त्यावर फिरत होतो. मी त्याला म्हटले, “चूक माझी होती. आणि ती मी तुझ्या नावावर मांडली.” तो म्हणाला, “डॉक्टर जे म्हणाले तेच तू सांगितलंस.” मग आम्ही बाबांविषयी बोललो. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी बूर्ज ओलांडल्यावर ब्रुएर-आलिशाँ गावाच्या चौकात एक रोमन मैलाचा दगड पाहिला. हाच फ्रान्सचा मध्य, असे गावकरी मानतात. सौभाग्यवतींनी त्याला हात लावून घेतला. पुढे साँ-तामाँपासून क्लेर्मोंपर्यंत मात्र आम्ही मुद्दाम टोल भरला. सगळाच टोल चुकवणे हा शहाणपणा नव्हे, हट्ट आहे. जिथे जुना रस्ता नुसता वेळ खातो आणि दाखवीत काही नाही, तिथे पैसे टाकावे. पेट्रोलही महामार्गावर न भरता गावाबाहेरच्या सुपरमार्केटच्या पंपावर भरावे, ते खासे स्वस्त पडते. आणखी एक सूचना. काही महामार्गांवर आता नाकीच नाहीत. नॉर्मंडीकडच्या ए-१३ वरची २०२४ मध्ये काढली. कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांच्या आत आपण होऊन पैसे भरावे लागतात. नाका दिसला नाही म्हणून रस्ता फुकट समजणारा नंतर दंड भरतो.

क्लेर्मोंनंतर ए-७५ डोंगरात शिरतो आणि अकराशे मीटरांवर चढतो. गाराबीला आयफेलच्या कारखान्याने बांधलेला तांबडा लोखंडी रेल्वेपूल दिसतो. १८८४ मध्ये पुरा झालेला, म्हणजे पॅरिसच्या मनोऱ्याहून वडील. संध्याकाळी मिय्योचा पूल आला. तार्न नदीच्या खोऱ्यावर २,४६० मीटर लांब, सर्वांत उंच खांबाचे टोक जमिनीपासून ३४३ मीटर. २००४ मध्ये खुला झाला. त्याआधी उन्हाळ्यात खाली मिय्यो गावात मोटारींची रीघ तासन्‌तास अडून राही. इथला टोल दहा युरोंहून अधिक, जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून जास्त. मी खिशात हात घालताना घुटमळलो, तोच आई मागून म्हणाली, “भर रे बाबा. एवढ्या उंचावरून नेतायत, तर घेऊ देत.”

मुक्कामाच्या अलीकडे पेझनास लागले. १६५० नंतरच्या काही वर्षांत मोलिएर आपली नाटकमंडळी घेऊन इथे राहिला होता. तो इथल्या न्हाव्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांची बोलणी ऐकत असे, अशी आख्यायिका आहे. त्याच्या कंजुषाच्या नाटकावरून अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’ लिहिले, असे मी आईला सांगितले.

“म्हणजे तुझ्याच गावाला आणलंस की आम्हाला!” आई म्हणाली.

हिशेब सांगतो. ऐंशीवर युरोंपैकी निम्म्याहून अधिक वाचले. एका दिवसाचे दोन झाले. मुक्कामाचा खर्च धरला तर माझा विजय फार मोठा नाही, हे बंधुराजांनी जेवताना कागदावर सिद्ध करून दाखवले. मी वाद घातला नाही. नंतर ताटे उचलता उचलता तो म्हणाला, “दादा, परतीचा रस्ताही तूच आख. आणि जमलं तर एक मुक्काम वाढव.”

मी नकाशा पसरला. आई म्हणाली, “या खेपेला बारा वाजता जेवायला थांबवा म्हणजे झालं.”